स्क्रीनवर ‘पोलीस’ उभे राहिले तर: खोट्या दंडाच्या रॅन्समवेअरमधून सुटका

पूर्ण स्क्रीन व्यापलेली. वर पोलीस खात्याचं बोधचिन्ह, त्याखाली तुमचा आयपी पत्ता, शहर, इंटरनेट कंपनीचं नाव आणि कोपऱ्यातल्या चौकटीत वेबकॅमने टिपलेला तुमचाच चेहरा. ‘या संगणकावरून बेकायदा अश्लील मजकूर पाहिल्याचं आढळलं आहे. ४८ तासांत दंड भरा, अन्यथा गुन्हा दाखल होईल.’ शेजारी उलटी मोजणी चालू. माउस हलतो, पण काहीही बंद होत नाही.

यात पोलिसांचं काहीच नाही. ही रॅन्समवेअरची, म्हणजे संगणक किंवा फाइली अडवून पैसे मागणाऱ्या प्रोग्रॅमची खेळी आहे. आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, तुम्ही उघडता त्या प्रत्येक वेबसाइटला दिसतो आणि त्यावरून शहर व कंपनी शोधणं क्षणाचं काम आहे. चौकटीतलं चित्र तुमच्याच कॅमेऱ्याचं, तुमच्याच यंत्रावर दाखवलेलं. बोधचिन्ह तर कुठूनही उचलता येतं. संगणक अडवून ठेवायचा आणि गिफ्ट कार्ड, प्रीपेड व्हाउचर किंवा बिटकॉइनने दंड घ्यायचा, असं कुठलंही पोलीस खातं करत नाही. खऱ्या दंडाला नोटीस असते, प्रकरण क्रमांक असतो, पावती असते आणि त्याविरुद्ध दाद मागायची जागा असते.

प्रकार जुना आहे. २०११ मध्ये जर्मनीत तिथल्या केंद्रीय गुन्हे शाखेच्या, म्हणजे बीकेएच्या नावाने अशा स्क्रीन पसरल्या. २०१२ मध्ये रेव्हेटन नावाच्या प्रोग्रॅममुळे अमेरिकेच्या एफबीआयला स्वतःच्याच नावाने फिरणाऱ्या संदेशाबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. युरोपात साधारण १०० युरो, अमेरिकेत १०० ते २०० डॉलर मागितले जात, तेही यूकॅश, पेसेफकार्ड किंवा मनीपॅकच्या व्हाउचरने. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी आणि युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेने या टोळीतल्या ११ जणांच्या अटकेची माहिती दिली. म्होरक्या त्याआधीच, डिसेंबर २०१२ मध्ये दुबईत पकडला गेला होता. टोळीची वर्षाची कमाई १० लाख युरोंच्या वर होती. मागणीचा आकडा मुद्दाम लहान असतो: वकील गाठण्यापेक्षा भरून मोकळं होणं स्वस्त वाटावं इतकाच.

एक गोष्ट मात्र घोळ करते. हेच चित्र तीन वेगवेगळ्या दुखण्यांवर चिकटवलेलं असतं. कधी ते नुसतं एक वेबपान असतं, कधी विंडोजला खरंच कुलूप लागलेलं असतं आणि कधी फाइली कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय उघडणार नाहीत अशा झालेल्या असतात. पहिल्याला दोन मिनिटं लागतात, दुसऱ्याला दोन-तीन तास आणि तिसऱ्यात काही फाइली कदाचित परत मिळतच नाहीत. त्यामुळे मजकूर वाचत बसू नका, दुखणं ओळखा.

हाताशी हे असू द्या:

- दुसरा, स्वच्छ संगणक किंवा फोन
- किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह (त्यावरचं सगळं पुसलं जाईल)
- एक बाहेरची हार्ड डिस्क
- विंडोजच्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड
- बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कूटबद्ध करणारं साधन) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की
- कागद आणि पेन

१. नेट तोडा, फोटो काढा, काहीही टाइप करू नका

वायफाय बंद करा किंवा केबल उपसा. स्क्रीन अडकल्यामुळे वायफायचं बटण सापडत नसेल तर सरळ राउटर बंद करा. यामागे दोन कारणं आहेत. कुलूप लावणारे बरेच प्रोग्रॅम आपलं धमकीचं पान बाहेरच्या सर्व्हरवरून ओढतात; नेट नसेल तर काही वेळा नुसती पांढरी स्क्रीन उरते. दुसरं, याच प्रोग्रॅमसोबत पासवर्ड चोरणारा जोडीदार आलेला असू शकतो. रेव्हेटनबाबत हेच घडलं होतं: स्क्रीनवर दंडाची मागणी आणि मागे बँकेचे तपशील चोरणारा सिटाडेल. नेट तुटलं की त्याचा माल बाहेर जायचा थांबतो.

संगणकाला लावलेली बॅकअपची डिस्क किंवा पेनड्राइव्हही लगेच काढा.

मग फोनने स्क्रीनचे दोन फोटो काढा. एक पूर्ण स्क्रीनचा आणि एक मागणीची रक्कम, वॉलेटचा पत्ता, ईमेल किंवा क्रमांक नीट वाचता येईल असा जवळून. इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. काही स्क्रीनवर दहशत वाढवण्यासाठी अल्पवयीनांची अश्लील छायाचित्रं लावलेली असतात. जानेवारी २०१३ मध्ये बीकेएने अशाच एका प्रकाराबद्दल लोकांना सावध केलं होतं. असं चित्र दिसत असेल तर तो भाग कागदाने झाकून फोटो काढा. ते चित्र कुणाला पाठवू नका, ‘हे बघ काय आलंय’ म्हणून ग्रुपवर टाकू नका. अनेक देशांत असं चित्र बाळगणं आणि पुढे पाठवणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे.

स्क्रीनवरच्या फोन क्रमांकाला फोन करू नका. चौकटीत कार्डाचा क्रमांक, नाव, जन्मतारीख काहीही भरू नका, ‘खोटी माहिती देऊन बघतो’ म्हणूनसुद्धा नाही.

२. पान, कुलूप की कूटबद्ध फाइली?

विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबा. ही तीन बटणं थेट विंडोज ऐकतं. साध्या प्रोग्रॅमला ती अडवता येत नाहीत. निळी किंवा गडद स्क्रीन येईल, त्यातून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी, उघडा.

टास्क मॅनेजर उघडून टिकला, यादीत ब्राउझर दिसला आणि तो बंद केल्यावर डेस्कटॉप मोकळा झाला, तर ते वेबपान होतं. तिसऱ्या भागाकडे जा.

टास्क मॅनेजर उघडताक्षणी मिटला, ‘ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केला आहे’ असं म्हणाला, किंवा संगणक पुन्हा सुरू केल्यावर डेस्कटॉप दिसायच्या आधीच तीच स्क्रीन आली, तर कुलूप आहे. चौथा भाग.

स्क्रीन हटली पण फोटो आणि कागदपत्रं उघडत नाहीत, नावांच्या शेवटी अनोळखी शेपूट लागलंय, प्रत्येक फोल्डरमध्ये एकच मजकूर फाइल पडली आहे, तर सहावा भाग. स्क्रीनवर पोलीस आहेत म्हणजे फाइली सुरक्षित आहेत, असं गृहीत धरू नका. २०१२ मध्येच ‘अँटी सायबर क्राइम डिपार्टमेंट ऑफ फेडरल इंटरनेट सिक्युरिटी एजन्सी’ अशा अस्तित्वात नसलेल्या खात्याच्या नावाने एक प्रोग्रॅम आला होता. तो स्क्रीन अडवायचा आणि फाइली पासवर्ड लावलेल्या आरएआर संचिकांत कोंबायचा.

फाइली तुमच्या डोळ्यांदेखत एकामागून एक बदलताना दिसत असतील तर थांबू नका. पॉवरचं बटण १० सेकंद दाबून संगणक बंद करा. उरलेल्या वाचतील.

३. ब्राउझर अडकलाय, बाकी काही नाही

आज भेटणाऱ्या स्क्रीनमधलं हे सर्वात निरुपद्रवी रूप. पान स्वतःला पूर्ण स्क्रीन करतं, बाहेर पडायला गेलात की ‘हे पान सोडायचं का?’ असा संवाद पुन्हा पुन्हा उभा करतं. २०१३ मध्ये मॅक वापरणाऱ्यांसाठी बनवलेल्या एफबीआयच्या नावाच्या पानात असे १५० अदृश्य तुकडे एकात एक बसवले होते; प्रत्येकाला ‘सोडा’ म्हटलं तर १५० वेळा क्लिक करावं लागायचं. अर्थात १० क्लिकनंतर माणसाला वाटतं की संगणक गेला.

क्रमाने हे करून पाहा:

- एस्केप दोन-तीन सेकंद दाबून धरा. नुसतं टिचकी मारून पुरत नाही, कारण पान साधी टिचकी गिळू शकतं. नाही जमलं तर एफ ११.
- टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच्या मुख्य ओळीवर ‘एंड टास्क’. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबून ‘फोर्स क्विट’.
- ब्राउझर परत उघडताना ‘पानं पुन्हा उघडायची का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. बहुतेक जण इथेच परत अडकतात: होय म्हटलं की तेच पान पुन्हा छातीवर. सफारी शिफ्ट दाबून धरून उघडलं तर जुनी पानं येत नाहीत.
- तरीही पान परत येत असेल तर नेट तोडलेलं ठेवूनच ब्राउझर उघडा, टॅब बंद करा आणि मग नेट जोडा.

यानंतर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, तिथे नोटिफिकेशन. ज्या अनोळखी साइटला परवानगी दिलेली दिसेल ती काढा. ‘मी रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं एखादं पान म्हणालं होतं आणि तुम्ही दाबलं होतं, तर ब्राउझर बंद असतानाही कोपऱ्यातून धमक्या येत राहतील आणि तुम्हाला वाटेल की व्हायरस आहे. एक्स्टेन्शनच्या यादीतलं जे स्वतः घातलेलं आठवत नाही तेही काढा.

आयफोनवर सफारी असं अडकलं तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग सेटिंगमध्ये सफारीचा इतिहास आणि वेबसाइटचा डेटा पुसा. संवादांच्या याच फेऱ्याचा वापर करून पैसे उकळले जात होते, तो दोष ॲपलने २०१७ मध्ये आयओएस १०.३ मध्ये दुरुस्त केला. त्याहून जुनी आवृत्ती कुणी वापरत असेल तर ती आधी बदला.

पानाने एखादी फाइल उतरवलेली असेल, तर ती न उघडता डाउनलोड फोल्डरमधून पुसा. आणि उघडली असेल तर प्रामाणिकपणे पाचव्या भागातली तपासणीही करा.

४. विंडोजला कुलूप लागलंय

कुलूप लावणारा प्रोग्रॅम विंडोजसोबत सुरू होतो आणि सगळ्यांच्या वर जाऊन बसतो. विंडोज त्याच्याशिवाय सुरू करायचं, एवढंच आपलं काम.

आधी सोपा मार्ग. संगणकावर दुसरं ॲडमिन खातं असेल तर त्यात शिरून पाहा. अनेकदा कुलूप एकाच खात्याला लागलेलं असतं, दुसऱ्यात डेस्कटॉप स्वच्छ दिसतो. तसं असेल तर तिथूनच पाचवा भाग सुरू करा.

नसेल तर सेफ मोड, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींसह सुरू होणारं विंडोज. विंडोज १० आणि ११ मध्ये कंट्रोल, ऑल्ट, डिलीटच्या स्क्रीनवर खाली उजवीकडे पॉवरचं चिन्ह असतं. शिफ्ट दाबून धरून ‘रिस्टार्ट’ निवडा. तेही जमत नसेल तर संगणक सुरू होताना विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवरचं बटण १० सेकंद दाबून बंद करा. असं सलग दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या स्क्रीनवर जातं. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट. विंडोज ७ असेल तर सुरुवातीलाच एफ ८.

वाटेत बिटलॉकरची ४८ अंकी की मागितली जाऊ शकते. ती रॅन्समवेअरची नवी मागणी नाही, विंडोजचीच आहे. दुसऱ्या यंत्रावरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरलात की नोंदवलेल्या उपकरणांखाली ती सापडते. कार्यालयाचा संगणक असेल तर ती त्यांच्या आयटीवाल्यांकडे असते, आणि खरं तर तो संगणक तुम्ही उघडूच नये. त्यांना कळवून बाजूला व्हा.

रिस्टार्टनंतर येणाऱ्या यादीत ४ म्हणजे साधा सेफ मोड, ५ म्हणजे नेटसकट, ६ म्हणजे कमांड प्रॉम्प्टसह. लोक ४ निवडतात, तिथेही तीच स्क्रीन दिसते आणि सगळं संपलं असं समजतात. त्याचं कारण साधं आहे. काही कुलपं विंडोजच्या ‘शेल’ या नोंदीत, म्हणजे डेस्कटॉप दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या जागी, स्वतःचं नाव घालतात. साधा सेफ मोड तीच नोंद वाचतो. ६ क्रमांकाचा मात्र ती बाजूला ठेवून काळी खिडकी उघडतो. म्हणून सरळ ६ निवडा.

काळ्या खिडकीत ‘आरएसटीआरयूआय’ ही अक्षरं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. सिस्टिम रिस्टोर, म्हणजे विंडोजला आधीच्या स्थितीत नेणारं साधन, उघडेल. स्क्रीन आली त्याच्या दोन-तीन दिवस आधीचा बिंदू निवडा. तुमचे फोटो-कागदपत्रं याने मागे जात नाहीत. त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम आणि बदललेल्या सेटिंग जातात. बऱ्याच वेळा कुलूप एवढ्यानेच निघतं. पण कुलपाची मूळ फाइल डिस्कवर पडून राहू शकते, म्हणून पाचवा भाग टाळू नका.

रिस्टोरचा बिंदूच नसेल तर त्याच खिडकीत ‘रेजएडिट’ (regedit), म्हणजे विंडोजच्या नोंदी बदलायचं साधन, उघडा. हात लावण्याआधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून प्रत काढा. मग लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विनलॉगॉन असं उतरत जा. उजवीकडे ‘शेल’समोर फक्त एक्सप्लोरर डॉट ईएक्सई असायला हवं. त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन दुसरं काही लिहिलं असेल, किंवा त्याच्या जागी तिसऱ्याच फाइलचा पत्ता असेल, तर तो पत्ता कागदावर उतरवून घ्या आणि नोंद दुरुस्त करा. हाच रस्ता ‘करंट यूजर’खालीही तपासा, तिथे सहसा ‘शेल’ नोंद नसते, असेल तर ती पुसा. ‘यूजरइनिट’ ही शेजारची नोंद मात्र पुसू नका. ती गेली की खात्यात शिरताक्षणी विंडोज परत बाहेर काढतं आणि एका दुखण्याची दोन होतात.

काही कुलपं सेफ मोडच मोडून ठेवतात: निवडलं की संगणक पुन्हा सुरू होतो. तेव्हा पेनड्राइव्हवरून चालणारा तपासक लागतो. स्वच्छ संगणकावर कॅस्परस्की रेस्क्यू डिस्कसारखी एखादी नावाजलेल्या कंपनीची डिस्क प्रतिमा (आयएसओ फाइल) तिच्याच अधिकृत साइटवरून उतरवा, रूफस या साधनाने पेनड्राइव्हवर लिहा आणि बूट मेनूतून (बहुधा एफ १२, एफ ९ किंवा एस्केप) पेनड्राइव्ह निवडा. पेनड्राइव्ह यादीत आहे पण सुरू होत नाही, तर सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) तात्पुरतं बंद करा आणि काम झाल्यावर आठवणीने चालू करा. बिटलॉकर असलेली डिस्क मात्र अशा तपासकाला बंद कपाटासारखी असते. ‘काही सापडलं नाही’ असा निकाल आला तर आधी विचारा, त्याने डिस्क वाचली तरी का?

शोधताना एक सापळा. ‘पोलीस व्हायरस काढायचा कसा’ असं शोधलं की वरच्या निकालांत जाहिराती असतात आणि त्यांतले काही ‘रिमूव्हल टूल’ पैसे घेतल्याशिवाय काहीच काढत नाहीत. काही स्वतःच खोटे असतात. साधन नावाने शोधू नका, कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून तिच्या साइटवर जा.

५. कुलूप निघालं, आता मूळ शोधा

डेस्कटॉप दिसला की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि लगेच बँकेत शिरतात. थांबा.

टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपचा टॅब उघडा, आणि स्टार्टअप फोल्डरही पाहा. अशा प्रोग्रॅमची लपण्याची खास पद्धत असते. रेव्हेटन स्टार्टअप फोल्डरमध्ये ‘सीटीएफमॉन’ नावाचा शॉर्टकट टाकायचा. हे नाव विंडोजच्या एका खऱ्या फाइलचं आहे, त्यामुळे यादी वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. पण खरी फाइल सिस्टिम ३२ मध्ये राहते; स्टार्टअप फोल्डरमध्ये तिच्या शॉर्टकटचं काहीच काम नाही. अशा शॉर्टकटवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा. रेव्हेटनच्या शॉर्टकटमध्ये ‘रनडीएलएल ३२’ आणि त्यापुढे एका डीएलएल फाइलचा पत्ता असायचा. ॲपडेटा, टेम्प किंवा प्रोग्रॅम डेटा फोल्डरमधून सुरू होणारी, अर्थहीन अक्षरांची फाइल दिसली की संशय घ्या.

मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स हे मोफत साधन ही यादी जास्त खोलवर दाखवतं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा म्हणजे गर्दी कमी होते. संशयित नोंदीची आधी फक्त खूण काढा, पुसू नका; चूक झाली तर परत लावता येते.

मग तपासणी, या क्रमाने: नेट जोडून डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) अद्ययावत करा, पूर्ण स्कॅन, त्यानंतर ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. हा शेवटचा विंडोज सुरू होण्याआधी चालतो, त्यामुळे लपलेल्याला उठून बसायची संधी मिळत नाही; साधारण १५ मिनिटं लागतात आणि संगणक स्वतःच परत सुरू होतो. शेवटी दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स हा तपासक.

पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला. आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचे. ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड गेला असं समजा. जिथे सोय आहे तिथे ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हेही करा, कारण पासवर्ड बदलला तरी चोरलेलं चालू सत्र (लॉगिन) काही ठिकाणी जिवंत राहतं.

तपासणीत पासवर्डचोर सापडला, किंवा दोन दिवसांत काहीतरी परत डोकं वर काढत असेल, तर साफसफाईत वेळ घालवू नका. फाइलींची प्रत घेऊन विंडोज नव्याने बसवा. प्रत घेताना फक्त कागदपत्रं आणि फोटो घ्या. प्रोग्रॅम आणि इन्स्टॉलर नकोत.

६. फाइली कूटबद्ध झाल्या असतील तर

प्रोग्रॅम काढल्याने फाइली उघडत नाहीत. ती दोन वेगळी कामं आहेत. पण आधी प्रोग्रॅमच काढायचा, नाहीतर सोडवलेल्या फाइली परत अडकतील.

कूटबद्ध फाइलींचं नाव बदलू नका, शेपूट पुसू नका, धमकीची मजकूर फाइल फेकू नका. सगळं जसंच्या तसं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि प्रयोग त्या प्रतीवर करा.

मग ‘नो मोअर रॅन्सम’ ही साइट. जुलै २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल, कॅस्परस्की आणि इंटेल सिक्युरिटी यांनी ती सुरू केली आणि ती मोफत आहे. तिच्या ‘क्रिप्टो शेरीफ’ पानावर एक-दोन कूटबद्ध फाइली आणि धमकीचा मजकूर चढवला की प्रकार ओळखला जातो. उतारा, म्हणजे फाइली सोडवणारं साधन, असेल तर त्याचा दुवा मिळतो. खाजगी कागद चढवू नका, एखादं साधं चित्र पुरतं. उतारा सापडला की आधी तीन-चार फाइलींवर चालवून पाहा.

ढगातल्या (क्लाउडवरच्या) प्रती विसरू नका. दुसऱ्या उपकरणावरून शिरा आणि सिंक थांबवा. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स जुन्या आवृत्त्या काही काळ ठेवतात, साधारणपणे ३० दिवस. म्हणून उशीर केलात तर चांगली आवृत्ती आपोआप पुसली जाईल. विंडोजच्या ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मध्येही डोकावा, पण बहुतेक रॅन्समवेअर त्या प्रती आधीच उडवतात.

उतारा आज नसेल तर ती डिस्क तारीख लिहून कपाटात ठेवा. टोळ्या पकडल्या जातात, किल्ल्या बाहेर येतात.

७. अँड्रॉइड फोनवर

२०१४ मध्ये कोलर नावाचं ॲप व्हिडिओ प्लेअरच्या रूपात अश्लील साइटवरून पसरलं. ते फोनच्या स्थानानुसार त्या देशाच्या पोलिसांचं पान दाखवायचं. होम बटण दाबलं की दोन-चार सेकंद मोकळा फोन, आणि परत तेच पान. २०२० मधल्या लूसी नावाच्या ॲपने एफबीआयच्या नावाने ५०० डॉलर मागितले, तेही क्रेडिट कार्डाने. त्याने ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी घेऊन स्वतःच बटणं दाबायचं तंत्र वापरलं होतं.

मेमरी कार्ड आणि सिम काढा. पॉवरचं बटण दाबून मेनू आणा, ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरा, सेफ मोडची विचारणा येईल. काही फोनवर सुरू होताना व्हॉल्यूम डाउन दाबून धरावं लागतं. सेफ मोडमध्ये बाहेरून घातलेली ॲप झोपलेली असतात. सेटिंगमध्ये ॲपच्या यादीत सर्वात अलीकडे आलेलं, व्हिडिओ प्लेअर किंवा अपडेट असं भासवणारं ॲप शोधा.

‘अनइन्स्टॉल’ करड्या रंगात दिसतं आणि दाबलं जात नाही? ॲपने स्वतःला डिव्हाइस ॲडमिन, म्हणजे फोनवर खास अधिकार असलेलं ॲप, करून घेतलंय. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ शोधा, तिथली त्याची खूण काढा, ॲक्सेसिबिलिटीतूनही काढा, मग अनइन्स्टॉल करा. हाच क्रम ठेवा. उलटा चालत नाही.

ॲपने पिनच बदलला असेल तर शेवटचा मार्ग रिकव्हरीतून फॅक्टरी रीसेट. फोनमधलं सगळं जातं आणि सुरू झाल्यावर आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागितला जातो, तो आधी आठवा. अँड्रॉइड ७ पासून असं ॲप तुम्ही आधीच लावलेला पिन बदलू शकत नाही. लावलेलाच नसेल तर मात्र स्वतःचा लावू शकतं. घरातल्या ज्या फोनला कुलूप नाही, त्याला आजच पिन लावा.

फोन मुलाचा असेल तर ‘काय पाहत होतास?’ हा प्रश्न नंतर. अशा स्क्रीनला घाबरून मुलं आधी स्वतःच पैशांची जुळवाजुळव करतात.

८. पैसे भरून झाले असतील तर

व्हाउचर किंवा गिफ्ट कार्डाचा क्रमांक दिला असेल तर ते कार्ड काढणाऱ्या कंपनीला त्याच क्षणी फोन करा. क्रमांक अजून वापरला गेला नसेल तर तो गोठवता येतो. इथे मिनिटं मोजायची. कार्ड आणि खरेदीची पावती फेकू नका. बँकेचं कार्ड वापरलं असेल तर ते बंद करा आणि व्यवहारावर फसवणुकीची हरकत नोंदवा. रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका, तुमचा कार्ड क्रमांक आता त्यांच्याकडे आहे. क्रिप्टोचलनात दिले असतील तर ते परत फिरवता येत नाहीत, पण व्यवहाराचा क्रमांक आणि वॉलेटचा पत्ता तपासाला उपयोगी पडतो.

पैसे भरल्यावर कुलूप उघडेलच असं नाही, आणि उघडलं तरी प्रोग्रॅम आतच असतो. पाचवा भाग तुम्हालाही लागू.

काही दिवसांनी ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडं शुल्क भरा’ असा निरोप येऊ शकतो. तो कधी पोलिसांच्या नावाने, कधी वकिलाच्या. एकदा भरणाऱ्यांच्या याद्या विकल्या जातात.

९. तक्रार

लोक तक्रार करत नाहीत, कारण आरोपाचा विषय लाजिरवाणा असतो, आणि टोळीने विषय नेमका त्यासाठीच निवडलेला असतो. तक्रार घेणाऱ्याने अशा स्क्रीन पाहिलेल्या असतात. तुम्ही कुठली साइट पाहत होता हे विचारलं तर खरं सांगा. संसर्ग कुठून झाला हे त्याशिवाय कळत नाही.

सोबत न्यायचं:

- स्क्रीनचे फोटो, तारीख आणि वेळेसह
- शेवटी उघडलेल्या पानाचा पत्ता किंवा ॲपचं नाव
- वॉलेट, ईमेल, फोन क्रमांक, जे दिसलं ते
- पैसे भरले असतील तर पावती, व्हाउचर, बँकेचा व्यवहार क्रमांक
- धमकीची मजकूर फाइल, एक-दोन कूटबद्ध फाइली
- चौथ्या-पाचव्या भागात कागदावर उतरवलेले पत्ते

पोलिसांचा संपर्क स्क्रीनवरून घेऊ नका, त्यांच्या अधिकृत साइटवरून किंवा प्रत्यक्ष ठाण्यात जाऊन घ्या. विंडोज पूर्ण पुसायचं ठरवलं असेल तर तक्रार आधी करा आणि डिस्क पाहायची आहे का, ते विचारा. निघताना तक्रारीचा क्रमांक लेखी मागून घ्या. बँक आणि व्हाउचरची कंपनी पुढच्या प्रत्येक पत्रात तोच मागते.